चाकामागची चकती

दसरा आणि दिवाळीचा पाडवा या दोन मुहूर्तांवर बारामती व इंदापूर तालुक्यांतील व्यापारी घरांपुढे नवी गाडी उभी राहते, हे आता नित्याचे झाले आहे. पेढीवरचे वहीपूजन आटोपते, गाडीला हार पडतो, घरातील वडीलधारी मंडळी मंदिरापर्यंत एक फेरी मारून येतात आणि किल्ली तरुणांच्या हाती जाते. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ती गाडी सजावटीच्या दुकानापुढे दिसते. सीटकव्हर, मॅट आणि आरसे यांत काही वावगे नाही. मात्र उंच, जीपसारख्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक मागणी हल्ली सर्रास होते, ती म्हणजे चाके बाहेर काढून देण्याची. चाके बाहेर आली की गाडी रुंद दिसते, दणकट दिसते, रस्त्यावर चार माणसांची नजर जाते. त्यासाठी चाक आणि हब यांच्यामध्ये धातूची एक जाड चकती बसवली जाते. तिला बाजारात ‘व्हील स्पेसर’ म्हणतात.

ही चकती तीन मिलिमीटरपासून पन्नास मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या जाडीत मिळते. बसवायला तासाभराचे काम. गाडीच्या इंजिनाला हात लागत नाही, तार कापावी लागत नाही, रंग बदलत नाही. त्यामुळे घरातील मोठ्यांना बहुधा काही सांगितलेच जात नाही, आणि सांगितले तरी दुकानदाराचे एक वाक्य सोबत येते : “काही होत नाही शेठ, सगळेच बसवतात.” पुष्कळांच्या गाडीला खरोखरच काही होत नाही, हेही खरे आहे. एवढ्यावर समाधान मानायचे की नाही, हे ठरवण्याआधी गाडीचे चाक जागेवर राहते तरी कशामुळे, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

चाक हबवर बसवले की हबमधून निघालेले चार, पाच किंवा सहा स्टड चाकाच्या भोकांतून बाहेर येतात आणि त्यांवर नट आवळले जातात. पाहणाऱ्याला असे वाटते की गाडीचे ओझे या स्टडांवर लटकले आहे, जसा भिंतीतल्या खुंटीवर डगला लटकतो. वस्तुस्थिती तशी नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे चाकाची पाठ आणि हबचे तोंड यांच्यात जे घर्षण निर्माण होते, ते गाडीचा भार, ब्रेकचा झटका आणि वळणावरचा जोर पेलते. स्टडचे काम ताणून धरण्याचे आहे. आडवा मार खाण्यासाठी तो बनवलेला नाही.

हा दाब किती असतो, याचा अंदाज सामान्य माणसाला सहसा येत नाही. बहुतेक मोटारींच्या पुस्तिकेत चाकाचा नट शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास आवळण्यास सांगितलेले असते. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस किलोंचा जोर दिला तर साधारण एवढा पीळ पडतो. बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडवर एवढ्या पिळाने निर्माण होणारा दाब सुमारे चार टनांचा असतो. पाच स्टड असतील तर एका चाकाला जवळजवळ वीस टनांचा दाब हबशी धरून ठेवतो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांचे वजन डोळ्यांपुढे आणले की हा आकडा समजतो. तळहाताएवढ्या जागेत हा सारा दाब एकवटलेला असतो, आणि त्याच्या भरवशावर कुटुंब रस्त्यावरून जात असते.

आता मध्ये चकती आली. पूर्वी एकच सांधा होता, चाक आणि हब यांचा. आता दोन झाले : हब व चकती, आणि चकती व चाक. दोन्ही ठिकाणी पृष्ठभाग आरशासारखा सपाट, कोरडा आणि स्वच्छ असला तर दाब टिकतो. प्रत्यक्षात हबवर गंजाचा पापुद्रा असतो, नव्या अलॉय चाकाच्या पाठीवर रंगाचा थर असतो, चकतीला ग्रीस लावलेले असते. गाडी शे-दोनशे किलोमीटर धावली की रंग दबतो, गंज झडतो, आणि ताणलेला स्टड तेवढ्याने सैल पडतो. बारा मिलिमीटरच्या स्टडचा सगळा ताण मिलिमीटरच्या एका अगदी लहान अंशात सामावलेला असतो. रंगाचा पातळ थर दबला तरी त्या ताणाचा मोठा हिस्सा निघून जातो. त्यानंतर चाक हबवर अगदी सूक्ष्म सरकू लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. मात्र प्रत्येक फेऱ्यागणिक स्टड इकडून तिकडे वाकवला जातो, जशी एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचे चाक मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या आसपास फिरते. एक स्टड तुटला की त्याचा भार उरलेल्या चारांवर पडतो, आणि मग त्यांची मुदतही झपाट्याने संपते.

स्पेसर दोन तऱ्हेचे असतात आणि दोघांचे धोके वेगळे आहेत. पहिला नुसता सरकवून बसवायचा : भोके असलेली सपाट चकती, मूळ स्टडांवरच चढवायची आणि त्याच स्टडांवर चाकाचे नट आवळायचे. येथे चकती जेवढी जाड, तेवढा स्टड आत जातो आणि नटाला धरायला कमी आटे उरतात. नट स्टडच्या जाडीएवढ्या लांबीत तरी आट्यांवर चढलेला असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. बारा मिलिमीटर जाडीच्या आणि दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या स्टडवर याचा अर्थ किमान आठ पूर्ण फेरे. पाच मिलिमीटरची ‘अगदी पातळ’ चकती यांतले तीनहून अधिक फेरे खाऊन टाकते. नट आवळला जातो, हाताला घट्टही लागतो. पण पकड उरते ती चार-पाच आट्यांची. शिवाय हबच्या मध्यभागी जो गोल कडा पुढे आलेला असतो आणि ज्यावर चाक बरोबर मध्यावर बसते, तो कडाही चकतीत झाकला जातो. मग चाक केवळ नटांच्या आधाराने मध्य साधते, आणि सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंगमध्ये जी थरथर येते ती कितीही वेळा बॅलन्सिंग करून जात नाही.

दुसऱ्या तऱ्हेची चकती जाड असते, वीस-पंचवीस मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. ती मूळ स्टडांवर स्वतंत्र नटांनी आवळतात आणि तिच्यात बसवलेल्या दुसऱ्या स्टडांवर चाक चढवतात. चांगल्या घडीव अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची, हबच्या कड्यावर अचूक बसणारी आणि पुढे तसाच कडा असणारी अशी चकती सरकत्या चकतीपेक्षा पुष्कळच बरी. तिची खरी अडचण वेगळीच आहे. पहिले नट चाकाच्या मागे लपलेले असतात. चाकाचे बाहेरचे नट पंक्चरवालाही पाना लावून पाहू शकतो. आतले नट तपासायचे तर चारही चाके उतरवावी लागतात. नवे काही बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत, हा साधा नियम. पण सर्व्हिसिंगखेरीज चाके उतरवून आतले नट कोण तपासतो? दुकानातही ते बहुधा हवेच्या गनने आवळलेले असतात. कोणता किती घट्ट झाला, हे आवळणाऱ्यालाही सांगता येत नाही.

यात मापांचा घोळ मिसळतो. ह्युंदाई क्रेटाचे पाच स्टड ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, टोयोटा फॉर्च्युनरचे सहा १३९.७ मिलिमीटरच्या. सुझुकीच्या गाड्यांच्या नटांचे आटे सव्वा मिलिमीटर अंतराचे, टोयोटाचे दीड मिलिमीटरचे. दिसायला नट सारखाच. एकाचा नट दुसऱ्यावर जोर लावून दोन-तीन फेरे चढतोही, आणि आटे खाऊन टाकतो. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पेसरमध्ये भोके गोल न ठेवता लांबट ठेवलेली असतात, म्हणजे ज्या पृष्ठभागाने दाब पेलायचा तोच कमी केलेला असतो. याहून वाईट प्रकार म्हणजे ओळखीच्या लेथवर पोलादी पट्टीतून टर्निंग करून घेतलेली चकती. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत उत्तम कारागीर आहेत, यात शंका नाही. परंतु ती चकती कोणत्या धातूची आहे, तिचे दोन्ही चेहरे समांतर आहेत की नाहीत आणि ती किती काळ टिकेल, याची चाचणी त्या लेथवर होत नाही.

चाकाचा नट हा विषय या परिसराला तसा परका नाही. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणारे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज व प्लायमाउथ मोटारींची जुळणी सुरू झाली. त्या काळी क्रायस्लरच्या गाड्यांचे एक वैशिष्ट्य असे की डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. गाडी पुढे जाताना डावे चाक ज्या दिशेने फिरते, ती सरळ आट्यांचा नट सैल होण्याची दिशा. म्हणून ही काळजी. माहिती नसलेला मेकॅनिक नट सोडवण्याच्या नादात आणखी आवळी आणि स्टड तोडून ठेवी, असे या गाड्यांच्या बाबतीत जगभर घडत असे. निमुळत्या बैठकीचे नट योग्य घट्टपणे आवळले तर सरळ आटेही पुरतात, असे ठरून १९७० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. नट सैल होऊ शकतो, या एका शक्यतेपोटी एवढ्या मोठ्या कंपनीने गाडीच्या दोन बाजूंना दोन वेगळे नट देण्याचा खर्च कित्येक वर्षे सोसला.

स्टडांवरून बेअरिंगकडे वळावे लागते. जुन्या पेढ्यांवर दांडीचा काटा असे. वजन दांडीवर बोटभर पुढे सरकवले की माप बदले, वजन मात्र तेच. चाकाचे नेमके तसे होते. सहा आसनी मोठ्या गाडीच्या एका चाकावर सहाशे किलो भार आहे आणि चाक तीस मिलिमीटर बाहेर सरकवले, असे धरले तर बेअरिंगवर अठरा किलोग्रॅम-मीटरचा जादा पीळ उभ्या गाडीतच येतो. खड्ड्यात चाक आपटले की तो त्या क्षणापुरता कितीतरी पटींनी वाढतो. बेअरिंगची निवड कंपनीने मूळ अंतर धरून केलेली असते. चाकातून येणारी घुंघुं, टायरचा एका बाजूने झिजलेला पट्टा, स्टिअरिंगच्या सांध्यांतला खुळखुळाट ही त्याची पुढची लक्षणे. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की स्पेसर न लावता बाहेर येणारी रुंद चाके बसवली तरी बेअरिंगवर असाच परिणाम होतो. फरक एवढाच की तेथे जादा सांधा नसतो.

पुढच्या चाकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संभवते आणि ती चालवणाऱ्याच्या हाताला जाणवते. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीला जेथे टेकतो आणि टायरचा मध्य जेथे टेकतो, या दोन बिंदूंमधले अंतर कंपनीने फार विचारपूर्वक ठरवलेले असते. एका चाकाखाली डांबर आणि दुसऱ्याखाली ओली माती किंवा सांडलेली उसाची चिपाडे असताना ब्रेक दाबला, तर गाडी एका बाजूला ओढली जाऊ नये, यासाठी ही योजना असते. स्पेसरने ते अंतर वाढते. कोरड्या सरळ रस्त्यावर फरक कळत नाही. गळीत हंगामात बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगर-लासुर्णेच्या टापूत पुढची ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय उभी दिसावी आणि एक चाक साइडपट्टीवर असताना करकचून ब्रेक लावावा लागावा, तेव्हा मात्र स्टिअरिंग हाताला झटका देते.

येथे एखादा वाचक ट्रॅक्टरचे उदाहरण देईल आणि ते रास्त आहे. आपल्याकडील ऊस बागायतदार सरीच्या रुंदीप्रमाणे ट्रॅक्टरची चाके आतबाहेर करतात. मागच्या चाकाची रिम उलटी फिरवून बसवली की दोन चाकांतले अंतर वाढते; पुढचा अ‍ॅक्सल भोकांमधली पिन बदलून लांब होतो. खते-बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते. मग मोटारीलाच हरकत का? कारण ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलचा आणि बेअरिंगचा हिशेब सर्वांत रुंद स्थितीसाठीही मूळ कंपनीनेच केलेला असतो आणि पुस्तिकेत प्रत्येक रुंदीचे माप छापलेले असते. त्यात कोणतीही बाहेरची चकती नसते, आणि ट्रॅक्टर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही.

रुंद चाकांमुळे गाडी वळणावर उलटत नाही, असा एक युक्तिवाद सतत कानांवर येतो. तो सर्वस्वी खोटा नाही, म्हणून त्याचे माप घेणे बरे. गाडीची उलटण्याची प्रवृत्ती दोन चाकांतले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. दीड मीटर अंतर असलेल्या गाडीला दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस मिलिमीटरच्या चकत्या लावल्या तर ते अंतर सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. ज्या वळणावर पूर्वी साठचा वेग ही मर्यादा होती, तेथे ती एकसष्ट होते. हाच लाभ अ‍ॅक्सलरेटरवरचा पाय किंचित उचलून, एक पैसाही खर्च न करता मिळतो.

आणि चाक निसटलेच तर? गाडीतले लोक कधी वाचतात, कधी नाही. सुटलेले चाक मात्र गाडीच्याच वेगाने पुढे जात राहते. टायरसह पंचवीस किलोंहून अधिक वजनाचे चाक ताशी ऐंशीच्या वेगाने एखाद्यावर आदळणे म्हणजे ते सुमारे आठ मजली इमारतीच्या छतावरून त्याच्यावर पडणे होय. बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेने कोण कोण चालत असते? ऊसतोड मजुरांची मुले असतात, सायकलवर शाळेत जाणारे विद्यार्थी असतात. आषाढात तुकोबारायांची पालखी याच मार्गाने बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. पहाटेच्या अंधारात विहार करणारे साधू-साध्वी असतात, आणि त्यांच्यासोबत चालणारे श्रावक. यांपैकी कोणाचाही त्या गाडीच्या रुबाबाशी काडीचा संबंध नसतो.

कायद्याची बाजू दुकानात कोणी सांगत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात उत्पादकाच्या मूळ रचनेच्या विपरीत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या पोटकलम ४ मध्ये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणी प्रमाणपत्रात दोन चाकांतले अंतर कुठे लिहिलेले असते, असा प्रश्न काही हुशार मंडळी करतात. लिहिलेले नसते हे खरे. तथापि मूळ रचनेत नसलेला, थेट चाकाच्या जोडणीत शिरलेला भाग हा बदल नव्हे, असे अपघातानंतर न्यायालयापुढे पटवून देण्याची वेळ कोणावर न आलेली बरी. कलमात ‘मालक’ हा शब्द आहे, दुकानदार नव्हे. व्यापारी घरांत गाडी पुष्कळदा पेढीच्या किंवा वडिलांच्या नावावर असते, चकती बसवणारा मुलगा असतो आणि चालवणारा पगारी चालक. चौकशी होते तेव्हा कागद वडिलांच्या नावाचा निघतो.

विम्याचे थोडक्यात. न कळवता केलेला बदल अपघाताच्या तपासणीत उघड झाला तर कंपनी गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर हरकत घेऊ शकते. हब, बेअरिंग, सस्पेन्शन यांची वॉरंटीही अशा बदलानंतर सहसा नाकारली जाते. नव्या गाडीच्या बाबतीत हे नुकसान स्पेसरच्या किमतीच्या कित्येक पट असते. मालाला बिल नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही, हमी नाही, अशी वस्तू आपली पेढी दुकानात ठेवील का, एवढा विचार खरेदीच्या वेळी पुरेसा व्हावा.

जगात सगळीकडे स्पेसरला बंदीच आहे, असे नाही. जर्मनीत नामांकित कंपन्या ते बनवतात आणि पोर्शसारख्या कंपनीनेही आपल्या काही गाड्यांसाठी कारखान्यातून ते दिले आहेत. पण तेथे ती चकती कोणत्या गाडीला, कोणत्या चाकासह, किती जाडीची चालेल याचा चाचणी अहवाल सोबत असतो, बसवल्यावर गाडी तपासणी केंद्रात न्यावी लागते आणि गरज असेल तेथे कागदपत्रांत नोंद होते. आपल्याकडे पुण्यातच १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही मोटारींची चाचणी करणारी संस्था आहे. चाकाची रिम बाजारात येण्याआधी ती फिरवून, वाकवून, तिच्यावर वजन आपटून पाहिले जाते. सजावटीच्या दुकानातील स्पेसरच्या डब्यावर असा कोणताही अहवाल दिसत नाही. जोवर तो दिसत नाही, तोवर घरच्या गाडीला ही चकती लावू नये. रुंद टायर आत घासत असेल तर त्याचे उत्तर कंपनीने त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापाची चाके हे आहे, आणि ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येते.

आता ज्यांच्या गाडीला चकत्या आधीच बसलेल्या आहेत, त्यांच्यापुरते. घरातील वडीलधाऱ्यांना ओळखण्याची सोपी खूण अशी की टायर मडगार्डच्या कडेबाहेर डोकावत असतो आणि दारांच्या खालच्या पत्र्यावर चिखलाचे शिंतोडे पूर्वीपेक्षा अधिक उडालेले दिसतात. कुंथलगिरी किंवा दहिगावला सहकुटुंब निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर आधीच एखादा निवांत दिवस पाहून त्या उतरवून घ्याव्यात. उतरवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्यावा. स्टडचे आटे दबलेले, चकचकीत घासलेले किंवा स्टड किंचितही वाकलेला दिसला तर तो बदलावा. एकही स्टड तुटलेला आढळला तर त्या हबचे सगळेच बदलणे शहाणपणाचे, कारण उरलेल्यांनी तुटलेल्याचा भार काही काळ वाहिलेला असतो. नट आडव्या-तिरप्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेतील मापाने, टॉर्क रेंच लावून आवळून घ्यावेत आणि बारामती ते इंदापूर अशी एक येरझार झाल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

एका गोष्टीकडे मात्र मेकॅनिकचेही दुर्लक्ष होते. सरकत्या चकतीसाठी काही दुकानांत मूळ स्टड काढून लांब स्टड ठोकलेले असतात. चकती उतरवली आणि ते लांब स्टड तसेच राहिले, तर डोके बंद असलेल्या टोपीच्या नटाची आतली टोपी स्टडच्या टोकावर जाऊन टेकते. पाना अडतो, टॉर्क रेंच टक्कन आवाज देते, नट पूर्ण आवळला गेला असे वाटते, आणि चाक मात्र हबवर दाबले गेलेलेच नसते. पंक्चर झाल्यावर रात्री रस्त्याच्या कडेला स्टेपनी चढवताना चालकाने घाईत एका चाकाची चकती बाजूला ठेवली, तरी हेच घडते. म्हणून चकत्यांबरोबर लांब स्टडही निघाले आहेत की नाही, हे गाडी ताब्यात घेताना विचारावे, आणि चकत्या अजून गाडीवर असतील तोवर स्टेपनी कशी बसवायची, हे चालकाला दिवसाउजेडी एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे.